अर्धे बिऱ्हाड, पुरे भाडे

नोकरीसाठी शहरात राहणाऱ्या मुलामुलींची बिऱ्हाडे हल्ली बहुधा सामाईक असतात. एकाच्या पगारात दोन खोल्यांचे भाडे निभत नाही, म्हणून दोघे-तिघे मिळून जागा घेतात, चूल एक ठेवतात आणि महिनाअखेर हिशेब वाटून घेतात. गावाकडच्या आईवडिलांनाही या व्यवस्थेने धीर येतो. पोर एकटी नाही, सोबतीला कोणीतरी आहे, रात्री-अपरात्री ताप आला तर पाणी द्यायला माणूस आहे, एवढ्यावर ती निर्धास्त होतात. परंतु त्या सोबतीने एक दिवस अकस्मात जागा सोडली तर पुढे काय, हा प्रश्न जागा घेताना सहसा कोणी काढीत नाही. २०२५ च्या पावसाळ्याच्या अखेरीस तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. आपल्या वाचकांपैकी बऱ्याच घरांतील एखादे तरी मूल आज बेळगाव, गोवा, हुबळी किंवा पुण्यात भाड्याच्या खोलीत राहत असेल. म्हणून तो अनुभव आणि त्यातून हाती आलेला हिशेब येथे मांडीत आहे.

माझे गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडच्या रानपट्ट्यात. तिकडच्या पावसाची कल्पना ज्यांना आहे त्यांना मी रोज गावाहून ये-जा का करीत नाही हे सांगावे लागणार नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील साध्या सरकारी बसगाड्यांतून स्त्रियांना तिकीट लागत नाही हे खरे. पण ओढ्याला पाणी आले आणि गाडीच आली नाही, तर फुकट तिकिटाचा उपयोग काय? त्यामुळे बेळगावात एका खाजगी शाळेत शिक्षिकेची नोकरी लागताच मी अनगोळच्या बाजूला एका काकूंच्या घराच्या मागील दोन खोल्या घेतल्या. भाडे सहा हजार रुपये, अनामत रक्कम तीस हजार. माझ्याबरोबर जागेत आली ती परिचारिकेचे काम करणारी एक मुलगी. वयाने ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान, म्हणून मला ताई म्हणे. अनामत दोघींनी पंधरा-पंधरा हजार दिली आणि भाडेपत्रावर दोघींनी सह्या केल्या. दीड वर्ष आम्ही त्या जागेत सुखाने राहिलो. तिची रात्रपाळी असली की मी सकाळी तिच्या वाटणीचा चहा झाकून ठेवून शाळेला जाई, आणि माझ्या परीक्षेच्या वह्या तपासायच्या असल्या की भाकऱ्या ती थापी.

ऑगस्टच्या अठ्ठावीस तारखेला, गुरुवारी, तिला मैसूरहून नेमणुकीचा निरोप आला. सोमवारी, एक सप्टेंबरला, कामावर हजर व्हायचे होते. त्या नोकरीसाठी तिने दोन वर्षे वाट पाहिली होती, तीन ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. मी तिला थांब म्हणणे शक्यच नव्हते आणि मी तसे म्हटलेही नाही. गणेशोत्सवाची गर्दी असल्यामुळे टेम्पो मिळेना. अखेर रविवारी तिचा भाऊ आला. दोन ट्रंका, एक गादी आणि एक शिवणयंत्र घेऊन दोघे स्टेशनवर गेली. निघताना ती रडली, मीही रडले. रागावण्याजोगे कोणीच नव्हते. पण घरभाड्याची तारीख कोणाचे चांगले झाले म्हणून पुढे सरकत नाही, आणि पाच सप्टेंबर अवघ्या पाच दिवसांवर होती.

त्या रात्री मी वही काढून बसले. आधी आमचा सामाईक खर्च काय होता तो पाहा. भाडे सहा हजार, पाणी दोनशे, इंटरनेटचे पाचशे नव्वद, गॅस, दीड महिन्याला एक टाकी या हिशेबाने महिन्याला सुमारे पाचशे सत्तर, आणि तांदूळ, डाळ, दूध, भाजी, मासळी, अंडी मिळून चार हजार सहाशे चाळीस. एकंदर बारा हजार, प्रत्येकीला सहा हजार. माझा पगार चौदा हजार. त्यातून पाच हजार मी घरी पाठवीत असे. आजीची औषधे आणि धाकट्या भावाचे आय. टी. आय. चे शिक्षण त्यावर चालत होते. उरलेल्या तीन हजारांत साबण, फोन, चपला, औषधपाणी यांना अठराशे जात आणि बाराशे शिल्लक पडत. संसार लहान, पण तोल नीट साधलेला.

आता एक माणूस कमी झाले, तेव्हा खर्चही निम्मा होईल असे शेजारपाजारचे लोक सहज बोलून गेले. वहीतील आकडे काही वेगळेच सांगत होते. भाडे सहा हजारच राहिले, पाणी दोनशेच, इंटरनेट पाचशे नव्वदच. या खर्चाला मी भिंतींचा खर्च असे नाव दिले. भिंतींच्या आत एकजण राहो की तिघे राहोत, त्यात पैचा फरक पडत नाही. दुसरा खर्च चुलीचा. तो कमी होतो, पण निम्मा होत नाही. दोघींच्या भाताला जेवढा वेळ कुकर आंचेवर ठेवावा लागतो, जवळजवळ तेवढाच एकीच्या भातालाही लागतो. पाव किलो भाजी आणली तर भाव चढा पडतो, आणि अर्धी जुडी नासून जाते. माझा गॅस चारशेवर आणि किराणा-भाजीचा खर्च दोन हजार आठशे दहावर येऊन थांबला. तिसरा खर्च ज्याचा त्याच्या अंगाचा. तो होता तसाच राहिला. भिंती आणि चूल मिळून माझ्या एकटीवर दहा हजार आले. पूर्वीचे सहा, आताचे दहा. घरी पाच हजार आणि अंगचे अठराशे धरले तर चौदा हजारांच्या पगारावर सोळा हजार आठशेचा खर्च बसला, म्हणजे दरमहा अठ्ठावीसशेची तूट.

हा हिशेब मांडण्याचा एक फायदा झाला. अडचणीत सापडलेला माणूस प्रथम ताटातले कमी करतो. दूध बंद करावे, एक वेळच जेवावे, पंखा लावू नये, असले विचार माझ्याही मनात येऊन गेले. दररोज अर्धा लिटरऐवजी पाव लिटर दूध घेतले तर महिन्याला थोडेफार रुपये वाचतात. अठ्ठावीसशेच्या खड्ड्यात ते कोठे दिसणार? शिवाय उपाशी मास्तरीण पन्नास मुलांसमोर सहा तास उभी कशी राहील? तूट चुलीमुळे आलेली नव्हती, ती भिंतींमुळे आली होती. तेव्हा उपायही भिंतींशीच शोधायला हवा होता. असे मार्ग तीनच असतात. जागा लहान घ्यावी, रिकामी खाट भरावी, किंवा खाट भरेपर्यंतचे दोन-तीन महिने कसेबसे काढावेत. जागा बदलायची म्हणजे पुन्हा अनामत, पुन्हा सामान हलविणे. ते परवडणारे नव्हते. म्हणून खाट भरायची आणि तोवर दम धरायचा, असे मी ठरविले.

दुसऱ्या दिवशी मी घरमालकीण काकूंकडे गेले. अशा वेळी भाडेकरू तोंड चुकवितात आणि तारीख उलटल्यावर सबबी सांगतात. त्यापेक्षा तारखेच्या आधीच जाऊन उभे राहणे बरे असे मला वाटले. काकूंनी सगळे ऐकून घेतले. "अगं, मला भाडं तेवढंच लागणार," त्या म्हणाल्या, "यांच्या औषधांचा खर्च त्यावरच चालतो." त्यांचेही खरेच होते. भाड्यात सूट मी मागितली नाही. मागितले ते दोन हप्ते. पाच तारखेला निम्मे आणि वीस तारखेला निम्मे. ते त्यांनी लगेच मान्य केले. बोलता बोलता त्यांच्या नातवाच्या गणिताचा विषय निघाला. पोर सातवीत, अपूर्णांकांपाशी अडलेले. रोज संध्याकाळी तासभर त्याला आणि शेजारच्या एका मुलीला शिकवायचे आणि त्याबद्दल भाड्यातून महिन्याला एक हजार वजा करायचे, असे ठरले. ही कल्पना काकूंचीच. मी आधी जाऊन बोलले म्हणून त्यांना ती सुचायला अवसर मिळाला.

इंटरनेटचे पैसे महिन्याचे महिन्याला आगाऊ भरायचे असल्यामुळे ते सप्टेंबरपासून बंद करणे सोपे होते. शाळेच्या कामापुरते मोबाईलवर भागते. हे पाचशे नव्वद आणि शिकवणीचे हजार मिळून सुमारे सोळाशे झाले. उरलेला खड्डा भरायला एकच जागा होती, आणि त्या जागेला हात लावणे मला सर्वांत जड गेले. ती म्हणजे घरी पाठविण्याचे पाच हजार.

येथे एक गोष्ट विशेषेकरून सांगावीशी वाटते. शहरात अडचण आली की मुले घरी सांगत नाहीत. आईवडिलांना घोर लागेल म्हणून कोणाकडून तरी उसने काढतात, उसने फेडायला दुसऱ्याकडून घेतात, आणि घरी मात्र रक्कम पूर्वीसारखीच जात राहते. हल्ली फोनवर चार बटणे दाबली की पाच मिनिटांत कर्ज देणारेही निघाले आहेत, आणि त्यांचे व्याज नि तगादा गावच्या सावकाराला लाजविणारा असतो. मी शनिवारी बस धरून गावी गेले. जेवणे झाल्यावर वही बाबांपुढे ठेवली आणि दोन महिने पाच हजारांऐवजी साडेतीन हजार पाठवीन असे सांगितले. आजी काही बोलली नाही. आईने मात्र तोच विषय काढला ज्याची मला धास्ती होती. "एकटी पोर त्या शहरात कशाला राहायची? सोड ती शाळा. गावात का उपाशी मरतोस?" आईचे बोलणे मायेचे होते, पण त्यात माझी नोकरी, भावाचे शिक्षण, सगळेच पणाला लागले होते. आमच्या वाडीतून बाहेर शिकायला आणि कामाला गेलेल्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली एक भाड्यापायी परत आली असती, तर पुढच्या मुलीला घरून परवानगी मिळणे अधिकच कठीण झाले असते.

बाबांनी वही बराच वेळ पाहिली. मग ते आईला म्हणाले, "नांगरणीच्या दिवसांत एक बैल बसला, तर आपण शेत पडीक टाकतो काय? सावड करतो. कोणाचा तरी बैल मागून आणतो, आपला बसलेला उठेपर्यंत." पुढे त्यांनी एवढेच विचारले, "दोन महिन्यांत दुसरी मुलगी मिळेल ना?" मी म्हटले, मिळवीन. आजीच्या गोळ्यांपैकी काही सरकारी दवाखान्यात मिळतात का ते पाहायचे भावाने कबूल केले, आणि निघताना आईने पिशवीत पोह्यांची पुरचुंडी व नाचणीचे पीठ भरले. घरच्यांना खरे सांगितल्याने रक्कम तर सुटलीच, पण मनावरचे ओझेही निम्मे झाले. पंधराशे, एक हजार आणि पाचशे नव्वद मिळून तीन हजार नव्वद होतात. अठ्ठावीसशेची तूट त्यात बुडाली आणि दोनशे नव्वद वर राहिले.

विजेचे आणि गॅसचे प्रकरण मात्र वेगळेच निघाले. कर्नाटकात २०२३ च्या ऑगस्टमधील बिलांपासून घरगुती विजेवर सवलत सुरू झाली. पूर्वीच्या वापराची सरासरी काढून त्यावर थोडी वाढ देतात आणि तेवढी वीज माफ होते. वापर त्याहून जास्त पण दोनशे युनिटांच्या आत असेल तर जादा युनिटांपुरते पैसे पडतात, आणि दोनशेची मर्यादा ओलांडली तर बिल पूर्ण येते. भाडेकरूलाही ही सवलत मिळते. परंतु त्यासाठी मीटरच्या क्रमांकाशी कोणाचे तरी आधार जोडलेले असावे लागते, आणि एका आधारावर एकच मीटर चालते. आमच्या मीटरला माझ्या सोबतिणीचे आधार जोडलेले होते. मैसूरला नव्या जागेत सवलत हवी तर तिला येथील जोडणी सोडणे भाग होते, आणि तिने ती रीतसर सोडली. त्यानंतर मी माझे आधार जोडून घेतले, पण मधल्या महिन्याचे बिल पूर्ण आले. साठ युनिटे जळली होती. प्रत्येक युनिटाचा दर, मंजूर भाराच्या प्रत्येक किलोवॉटवरचा स्थिर आकार आणि कर धरून सुमारे साडेपाचशे रुपये झाले. ते शिलकीतून भरले. ज्या घरात भाडेकरू बदलणार असतील, तेथे जाणाऱ्याने जोडणी सोडणे आणि राहणाऱ्याने आपली जोडणे ही दोन्ही कामे एकाच आठवड्यात व्हावीत, हे बरे.

गॅसची जोडणीही तिच्याच नावाची होती. तिने टाकी आणि रेग्युलेटर वितरकाकडे परत करून आपली अनामत घेतली व दुसरीकडे जोडणी घेण्याची पावती नेली; नियमाप्रमाणे तेच योग्य होते. मी मात्र चुलीवाचून राहिले. अशा वेळी पाच किलोची लहान टाकी उपयोगी पडते. ती घ्यायला राहत्या जागेचा दाखला लागत नाही, ओळखपत्र पुरते. किलोमागे ती घरगुती टाकीपेक्षा महाग पडते, पण अडल्या वेळी भागते. भाडेपत्राची नक्कल जोडून माझ्या नावाची जोडणी मिळेपर्यंत मी तिच्यावरच शिजविले.

आता अनामतीकडे वळते, कारण स्नेह तुटतात ते बहुधा तेथेच. सप्टेंबरच्या विसाव्या तारखेच्या सुमारास तिचा निरोप आला: "ताई, माझे पंधरा हजार केव्हा मिळतील? येथेही अनामत भरायची आहे." तिची गरज खरी होती. काकूंचे म्हणणे असे, की अनामत जागेची आहे. जागा रिकामी होईल तेव्हा परत देऊ. तेही करारात लिहिलेले होते. आणि माझ्यापाशी पंधरा हजार रुपये नव्हते. तिघींचेही बरोबर, आणि पैसे मात्र कोठेच नाहीत, अशी ती परिस्थिती होती.

मी भाडेपत्र काढून नीट वाचले. आपल्याकडे बहुतेक भाडेपत्रे अकरा महिन्यांची असतात. त्याचे कारण, एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेकरार १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो. आमचेही अकरा महिन्यांचेच होते आणि एकदा नवे करून घेतले होते. त्यात जागा सोडण्यापूर्वी एक महिना आधी कळवावे, असे कलम होते. भाडे कोणी किती द्यावे याची वाटणी मात्र त्यात नव्हती. ती आमची आपसातली. अशा ठिकाणी १८७२ चा करार कायदा काय सांगतो हे जाणून घेण्यासारखे आहे. त्याच्या त्रेचाळिसाव्या कलमाप्रमाणे, दोघांनी मिळून दिलेले वचन पुरे करण्याविषयी धनको त्यांपैकी कोणाही एकाला धरू शकतो, वेगळे ठरलेले नसेल तर. म्हणजे काकू पुरे भाडे माझ्याकडून मागू शकत होत्या. पण ज्याने सगळे भरले त्याला दुसऱ्याकडून त्याचा सारखा वाटा मागण्याचा अधिकारही तेच कलम देते. कलम सांगून मैत्रिणीला कोर्टात ओढावे असा माझा मुळीच मानस नव्हता. परंतु आपण मागतो ते भीक नव्हे आणि भांडणही नव्हे, ते आपले हक्काचे आहे, एवढी खात्री असली की माणूस शांतपणे लिहू शकतो.

मी तिला फोन केला नाही. पैशांच्या गोष्टी फोनवर निघाल्या की आवाज चढतो, आणि कोण काय म्हणाले हे पुढे दोघांनाही वेगवेगळे आठवते. मी पत्र लिहिले. प्रथम तिची, तिच्या कामाची, जेवणाखाण्याची विचारपूस केली, आणि मग हिशेब मांडला. पूर्वसूचनेचा महिना सप्टेंबर. त्या महिन्याच्या भाड्याचा तिचा वाटा तीन हजार आणि पाण्याचा शंभर, एकूण तीन हजार शंभर तिच्याकडून येणे. घरात सामाईक तांदूळ बारा किलो राहिला होता. तो मी खाल्ला, म्हणून तिच्या वाटणीच्या सहा किलोंचे तीनशे तिला देणे. मिक्सर दोघींनी मिळून घेतला होता. त्याची आजची किंमत अठराशे धरली तर तिचे नऊशे. बाराशे वजा जाता तिच्याकडून मला एकोणीसशे येणे राहतात. तेव्हा नवी सोबतीण मिळाली की तिच्याकडून अनामतीचे पंधरा हजार घ्यायचे. त्यांतले तेरा हजार शंभर तुला पाठवीन आणि एकोणीसशे मी ठेवीन. काकूंकडे तीस हजार आहेत ते तसेच राहतील; फक्त भाडेपत्रावर तुझ्या जागी तिचे नाव येईल. यात काही कमीजास्त वाटले तर कळव, असे लिहून पत्र पुरे केले.

आठ दिवस उत्तर आले नाही, आणि ते दिवस मला त्या दोन महिन्यांतले सर्वांत लांब वाटले. रिकाम्या खाटेकडे पाहिले की मनात येई, दीड वर्षाची माया एकोणीसशे रुपयांसाठी गमावली की काय? पण दुसरा विचार असाही येई, की ते एकोणीसशे म्हणजे आजीच्या औषधांचा महिनाभराचा खर्च आहे. स्वतःच्या भिडेखातर तो सोडून देण्याचा मला काय अधिकार? नवव्या दिवशी उत्तर आले. तिने लिहिले होते, "ताई, हिशेब बरोबर आहे. तांदळाचे तू धरलेस, मी विसरूनच गेले होते. पण कोपऱ्यातली प्लॅस्टिकची टाकीही मी एकटीने घेतली होती. ती माझ्याकडून तुला." अनामतीची घाई तिने वडिलांकडून उसने घेऊन भागविली होती. आमचा स्नेह आजही पूर्वीसारखाच आहे, आणि माझी अशी समजूत झाली आहे की तो हिशेबामुळेच टिकला. न मागितलेले पैसे मनात कुजत राहतात आणि पुढे कोठेतरी टोचून बोलण्यात बाहेर पडतात.

राहिली रिकामी खाट. भिंतीवर चिठ्ठ्या चिकटविणे किंवा अनोळखी दलालाला महिन्याचे भाडे देणे, हे मला पसंत नव्हते. रविवारी मिस्सा आटोपली की अंगणात दहा-पंधरा बायका बोलत उभ्या असतात. त्यांच्या कानावर मी घातले. शाळेतल्या शिक्षिकांना, दूधवाल्या बाईंना, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानदारालाही सांगून ठेवले. तीन मुली पाहून गेल्या. एकीला भाडे जास्त वाटले, एकीला मागील दारची गल्ली अंधारी वाटली. तिसरी गोव्याच्या हद्दीवरच्या गावातली, बँकेत नव्याने लागलेली. तिला मी पहिल्याच भेटीत चार प्रश्न विचारले. पगार कोणत्या तारखेला होतो? स्वयंपाक एकत्र करायचा की वेगळा? पाहुणे आले तर किती दिवस राहतील? आणि एकाएकी जावे लागले तर काय करायचे? चौथ्या प्रश्नाला ती हसली. "आले नाही तोच जायचं काय विचारता?" मी म्हटले, "जाणे कोणाच्या हातात नसते, म्हणून येतानाच ठरवलेले बरे." नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती राहायला आली. तेरा हजार शंभर मैसूरला रवाना झाले, घरी पुन्हा पाच हजार जाऊ लागले, आणि काकूंचा नातू अपूर्णांकांत पास होऊनही त्याची शिकवणी मात्र चालू राहिली.

आता आम्ही दोघींनी एका साध्या कागदावर चार ओळी लिहून सह्या केल्या आहेत. जाणारीने महिनाभर आधी सांगावे, किंवा तसे जमले नाही तर त्या महिन्याचा भिंतींचा वाटा द्यावा. वीज, गॅस आणि अनामत यांपैकी कोणती गोष्ट कोणाच्या नावावर आहे ते नमूद असावे. मिळून घेतलेल्या वस्तूंची यादी किमतीसह असावी. शिवाय एक डबा ठेवला आहे. भाडे आणि पाणी मिळून आमच्या भिंतींचा महिन्याचा खर्च सहा हजार दोनशे. दर महिन्याला प्रत्येकी तीनशे दहा रुपये त्या डब्याच्या नावाने पोस्टात बाजूला पडतात. दहा महिन्यांत त्यात एका महिन्याच्या भिंती उभ्या राहतील. ते पैसे सणाला किंवा लग्नाच्या आहेराला काढायचे नाहीत, हे दोघींना मान्य आहे.

ज्या आईवडिलांची मुले शहरात राहतात, त्यांना एवढीच विनंती आहे. मूल सुट्टीत घरी आले की जेवण-कपड्यांच्या चौकशीबरोबर हेही विचारावे: भाडेपत्रावर कोणाकोणाच्या सह्या आहेत, अनामतीची पावती कोणापाशी आहे, आणि सोबती उद्या निघून गेला तर महिना कसा निघेल? हे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. आणि उत्तर देताना मूल घुटमळले, तर लगेच घरी परत बोलावण्याची घाई करू नये. त्याच्याबरोबर वही घेऊन बसावे. बाबा माझ्याबरोबर बसले, म्हणून माझी नोकरी राहिली; आणि येत्या जूनमध्ये आमच्याच वाडीतली आणखी एक मुलगी बेळगावात शिकायला येणार आहे. तिच्या वडिलांनी परवाच माझी वही पाहायला मागितली.